पांगाऱ्याचं बूच

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक खूश आहे की नाही हे कळायला मार्ग नसतो. ज्याच्याकडे आग लागली नाही तो म्हणतो, एवढा खर्च उगाच केला. ज्याच्याकडे लागली आणि विझली, तो देवाला नारळ फोडतो. आणि ज्याच्याकडे लागली आणि विझली नाही, तो मात्र आम्हाला फोन करतो.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये मी एकतीस वर्षं आग विझवायची यंत्रं भरली, तपासली आणि बसवली. सुरुवात स्टोअरमध्ये चिठ्ठ्या लिहिण्यापासून झाली. मग एकदा भरणारा माणूस आठवडाभर आला नाही, तेव्हा पदर खोचून मीच डबे भरायच्या बाकापाशी उभी राहिले, ती निवृत्त होईपर्यंत. कारखान्यात तपासणीला गेले की पहिला प्रश्न ठरलेला असे, "मॅडम, साहेब मागून येतायत का?" पहिली काही वर्षं मी रागवायचे. पुढे पुढे सांगायला लागले, "साहेब आलेत. चहा सांगा."

या लाल डब्याचं लोक काय काय करतात ते बघितलं की हसावं की रडावं कळत नाही. एका केमिकल कंपनीतल्या बड्या अधिकाऱ्याने तो केबिनचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावला होता. विठ्ठलवाडीच्या एका सोसायटीत सेक्रेटरींनी जिन्याचा रंग उरला म्हणून सगळे डबे नव्याने रंगवून घेतले, आतला दाब दाखवणाऱ्या काट्याच्या काचेसकट. "आता कसे एकसारखे दिसतात!" असं मला कौतुकाने दाखवलं. उल्हासनगरच्या बाजारात तर डबा हमखास साड्यांच्या गठ्ठ्यांमागे सापडायचा. मात्र खंडेनवमीला हेच लोक डबा शोधून काढून पुसायचे, हळदकुंकू लावायचे, झेंडूची माळ घालायचे. वर्षातून एक दिवस का होईना, माझ्या मालाला देवपण मिळायचं, आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

सांगायचं आहे ते एका बोटीबद्दल. ही गोष्ट आमच्या भागात बऱ्याच जणांना माहीत आहे, पण ती चुकीची माहीत आहे, आणि त्याला कारण मी आहे.

उल्हासनगरला कापडाचा मोठा व्यापार असलेले ईश्वरशेठ हे आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांनी जांभूळ गावाच्या पुढे एक बंद पडलेली दगडखाण घेतली होती. खाणीत पाणी भरून चांगलं मोठं तळं झालं होतं. शेठनी काठावर झाडं लावली, झोपाळे टांगले, जेवणाची सोय केली आणि सहलीला येणाऱ्यांसाठी एक जुनी मोटरबोट आणली. पांढरीशुभ्र, फायबरची, पंधरा-सोळा माणसं बसतील अशी. पुढे चालवणाऱ्याची जागा, मध्ये बाकं, आणि मागच्या टोकाला झाकणाच्या खोक्यात पेट्रोलचं इंजिन.

शेठनी मला बोलावलं आणि पहिलीच मागणी केली, "मॅडम, वो गाडीवाला छोटा दे दो. और सफेद कलर में मिलेगा क्या? लाल डब्बा पूरा शो बिगाड़ देगा."

"शेठ, आग लागल्यावर शोधायला लागू नये म्हणून तो लाल असतो," मी म्हटलं.

बोटीसाठी यंत्र निवडणं तसं सोपं नाही. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारून चालत नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग घेऊन पसरतं. आग विझवणाऱ्या गॅसचा सिलिंडर बंद खोलीत छान, पण उघड्या बोटीवर वारा गॅस उडवून नेतो. म्हणून कोरड्या पावडरचे डबे घ्यायचे, आणि एकच मोठा घेण्याऐवजी दोन घ्यायचे, म्हणजे एक फसला तर दुसरा हाताशी असतो. शिवाय बोटीचा थरथराट सतत असतो. त्याने डब्यातली पावडर तळाशी दाबून बसते, वीट व्हावी तशी. काटा हिरव्यात दिसतो, पण दाबलं तर नुसती फुस्स हवा येते. म्हणून महिन्यातून एकदा डबा काढून उलटा करायचा आणि बुडावर थोपटायचं. हे सगळं मी शेठना समजावलं. शेठनी मान डोलावली आणि म्हणाले, "ये सब काळू को बताओ."

काळूराम मुकणे हा बोट चालवणारा. बारवी धरणाकडच्या डोंगरातल्या कातकरी वाडीतला, पन्नाशीचा, अंगाने काटक, बोलायला कमी. तो मला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणायचा, शेठनाही 'तू'च म्हणायचा. त्यांच्या वाडीत देवालासुद्धा कुणी अहो-जाहो करत नाही, असं त्याने पुढे एकदा सांगितलं. मी डबा उलटा करून दाखवला. त्याने तो हातात घेतला, उलटा केला आणि कान लावून ऐकला.

"आतलं खाली येतंय, आयकू येतं," तो म्हणाला. "दर अवसेला करीन. तारीख इसरंल, अवस इसरायची नाय."

एक डबा मी त्याच्या गुडघ्याशी बसवला, दुसरा मागे, इंजिनाच्या खोक्याला लागून. त्या दुसऱ्याकडे तो बघतच राहिला.

"ह्यो इस्तवाच्या तोंडात कशाला ठेवलास?"

"जिथे धोका तिथे डबा. नियमच आहे," मी ठसक्यात सांगितलं. कारखान्यातली सवय होती ती. कारखान्यात माणूस चार पावलं मागे सरून दुसरा डबा आणू शकतो. बोटीत मागे सरायला पाणीच असतं, हे मला सुचलं नाही.

मग त्याने आणखी एक गोष्ट काढली. त्याचं म्हणणं असं की इंजिनाच्या खोक्याला पुढच्या बाजूने, डब्याची नळी जाईल एवढं एक भोक पाडावं. आत आग लागली तर झाकण न उघडता पावडर आत मारता येईल.

"म्या बापासंगं कोळशाच्या भट्ट्या लावल्यात," तो म्हणाला. "लाकडं रचायची, वरनं पाला, माती. बारकी भोकं ठेवायची. धूर बगून भोक बुजवायचं, दुसरं पाडायचं. आत इस्तू दबून ऱ्हातो. पन कोन येड्यानं वरनं उगाडलं तं भडका. कोळसा ऱ्हात नाय, राख व्हते. मानूस बी भाजतो."

शेठ हसले. "इतने अच्छे फायबर में छेद? पागल है क्या?"

मीही हसले. शेठ हसले ते एक वेळ ठीक, त्यांचा धंदा कापडाचा. माझं हसणं आठवलं की आजही कानकोंडं होतं. "काळूराम, झाकणाला कडी आहे, उचललं की झालं," असं मी वर सांगितलं. बोटीच्या नकाशावर दोन्ही डब्यांच्या जागा दाखवून सही केली आणि निघाले.

तीन महिन्यांनी तपासणीला गेले तर डबे लखलखीत. एक गोष्ट खास सांगायला हवी. आमच्याकडे पावसाळा संपला की कुंभारमाशी नळीच्या तोंडात मातीचं घर बांधते. मी कारखान्यांमधल्या कितीतरी नळ्यांमधून अशी घरं टोकरून काढली आहेत, आणि तिथे सेफ्टी ऑफिसर पगारी होते. काळूराम रोज सकाळी गवताची काडी नळीत घालून बघायचा. हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं.

पण खोक्यापाशी गेले आणि माझा पारा चढला. पुढच्या बाजूला, खाली, त्याने भोक पाडलेलंच होतं. सळई तापवून पाडलं असणार, कडा काळ्या झालेल्या.

"हे कुणाला विचारून केलंस?"

त्याने भोकाची काळी कड अंगठ्याने पुसली.

"माझ्या नकाशात हे नाही. पुढच्या खेपेला बुजवलेलं दिसलं पाहिजे. नाहीतर मी डब्याच्या तपासणीच्या टॅगवर सही करणार नाही."

रिपोर्टमध्ये मी इंग्रजीत टिप्पण्या केल्या. त्यातली एक अशी की खोक्याला विनापरवानगी पाडलेलं भोक तातडीने बुजवावं. शेठ आमचे रिपोर्ट कधीच वाचत नसत. फाइल जाड झाली की त्यांचं समाधान व्हायचं. त्यामुळे भोकाचं त्यांना कळलंच नाही. त्या रिपोर्टची नक्कल माझ्याकडे राहिली, ती अजून आहे.

पुढची तपासणी दिवाळीनंतरच्या आठवड्यात होती. खोकं बघितलं तर पुढची बाजू स्वच्छ, गुळगुळीत, पांढरी. भोकाचा मागमूस नाही. मी बोटाने चाचपूनही बघितलं. "शाब्बास," म्हटलं आणि टॅगवर सही केली. इंजिन चालू असताना डबे किती थरथरतात ते बघायचं होतं, म्हणून पुढच्या फेरीला मीही बोटीत बसले. विठ्ठलवाडीहून भिशीच्या बारा बायका सहलीला आल्या होत्या. लाइफ जॅकेटं घालताना त्यांची हसून मुरकुंडी वळत होती. एकीने मला विचारलं, "तुम्ही कोणत्या भिशीतल्या?"

तळ्याच्या मध्यावर आलो असू. आधी पेट्रोलचा वास आला. मग इंजिन दोनदा खोकलं आणि मागून धप्प असा आवाज झाला. झाकणाच्या फटीतून काळा धूर आणि पाठोपाठ ज्वाळा. मी बसवलेला मागचा डबा त्या ज्वाळांच्या पलीकडे होता. दिसत होता, पण हात घालायची सोय नव्हती.

तीस वर्षं मी हजारो माणसांना आगीपुढे कसं वागायचं ते शिकवलं. त्या क्षणी काय केलं ते सांगते. काळूरामच्या गुडघ्याशी असलेला डबा उपसला, पिन काढली, धावत मागे गेले आणि डावा हात झाकणाच्या कडीला घातला.

"उगाडू नको!"

त्याने माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. तोवर त्याने इंजिन बंद केलेलं, पेट्रोलची चावी फिरवलेली. बायका किंचाळत उभ्या राहात होत्या. त्यांच्याकडे न बघता तो म्हणाला, "बायांनो, फुडं जाऊन खाली बसा. हुबं ऱ्हाल तं बोट कलंल." आवाज चढवला नाही. बायका मुकाट्याने सरकल्या.

मग त्याने खोक्याच्या पुढच्या बाजूला अंगठ्याच्या नखाने काहीतरी खरवडलं. पांढऱ्या रंगाची एक गोल चकती सुटली आणि त्यामागून लाकडाचं बूच बाहेर आलं. भोक तिथेच होतं. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं बूच तासून, घट्ट बसवून, वरून त्याने रंगाचा हात दिला होता.

"मार," तो म्हणाला.

मी नळीचं तोंड भोकाला लावलं आणि दाबलं. महिन्यामागून महिने, प्रत्येक अमावास्येला उलटी केलेली ती पावडर एका धारेत आत गेली. फटींमधून पांढरे लोट आले. ज्वाळा बसल्या, धूर काळ्याचा करडा झाला. डबा रिकामा झाला तसं त्याने बूच पुन्हा ठोकून बसवलं.

"आता उघडून बघूया?" मी विचारलं.

"आजून नाय."

त्याने तळहात खोक्याच्या वर, वीतभर अंतरावर धरला, थोडा वेळ थांबला, जागा बदलून पुन्हा धरला. भट्टी निवली का ते असंच बघत असतील. मग दोन वल्ही काढली. एक त्याने घेतलं, दुसरं भिशीतल्या एका धट्ट्याकट्ट्या बाईने मागून घेतलं. आम्ही काठाला लागलो तेव्हा कुणाच्या अंगावर ओरखडाही नव्हता. झाकण त्याने काठावर, बऱ्याच वेळाने उघडलं. आत पेट्रोलची नळी चिरलेली होती. झाकण मी मध्ये उघडलं असतं तर काय झालं असतं, ते त्या वितळलेल्या वायरी बघून मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी काळूरामला बाजूला घेऊन म्हटलं, "मला फसवलंस."

"तू शिकलेली बाई," तो म्हणाला. "बुजवलं अस्तं तं ह्या बाया गेल्या अस्त्या. नाय बुजवलं आसं दिसलं अस्तं तं तुला राग आला अस्ता. म्हून रंग लावला."

ईश्वरशेठ धावत आले. आधी काळूरामशी बोलले, मग माझ्याकडे आले आणि माझे दोन्ही हात धरले. "मॅडम! काळू बोला, आपने ही बाद में बोला था छेद रखने को. आपने बचा लिया!"

मी काळूरामकडे बघितलं. तो बोटीतलं पाणी उपसत होता, मान खाली घालून.

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात भिशीच्या बायकांनी मला घेरलं. एक रडत होती, एकीने गळ्यात हात टाकला. कुणीतरी म्हणालं, "शेवटी साहेब ते साहेबच." इतकी वर्षं 'साहेब कुठे आहेत' ऐकलेल्या बाईला त्या शब्दाची केवढी भूल पडू शकते, हे मला त्या दिवशी कळलं. मी काही बोलले नाही. पुढे शेठनी शाल आणि श्रीफळ दिलं, तेव्हाही नाही. वर्कशॉपच्या मालकांनी त्याचा फोटो भिंतीवर लावला, तेव्हाही नाही. बोटीला नवं खोकं आलं ते पुढे भोक ठेवून, त्याला स्टीलचं सुबक झाकण लावून. मागचा डबा मी पुन्हा पहिल्याच जागी, इंजिनापाशी बसवला. जागा बदलली असती तर का बदलली ते लिहावं लागलं असतं, आणि जुन्या नकाशावर सही माझी होती.

वर्षभर हे मनात कुरतडत राहिलं. तपासणीला गेले की काळूराम नेहमीसारखा डबे दाखवायचा, चहा द्यायचा. त्याच्या वागण्यात काडीचाही फरक नव्हता. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या खंडेनवमीला शेठनी बोटीची पूजा ठेवली आणि मला आग्रहाने बोलावलं. माझी निवृत्ती जवळ आली होती. दोन्ही डब्यांना झेंडूच्या माळा, इंजिनाच्या खोक्याला माळ, आणि त्या भोकाच्या स्टीलच्या झाकणावर काळूरामने कुंकवाचं बोट टेकवलेलं. शेठ पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायला लागले, "यही वो मॅडम, जिन्होंने छेद..."

मी पिशवीतून रिपोर्टची नक्कल काढली आणि सगळ्यांसमोर वाचली. आधी इंग्रजीत, मग मराठीत. भोक तातडीने बुजवावं. खाली तारीख, माझी सही. "भोक काळूरामने पाडलं," मी म्हटलं. "मी बुजवायला सांगितलं. त्या दिवशी मी झाकण उघडणार होते, त्याने माझा हात धरला. वर्षभर मी तुमची शाल पांघरून गप्प बसले."

पाहुणे चुळबुळायला लागले. शेठ काळूरामकडे वळले. ते दुखावलेले दिसत होते.

"झूठ क्यों बोला, काळू? तुझे शाल नहीं देता क्या मैं?"

काळूरामने हातातली आरतीची थाळी खाली ठेवली.

"म्या पाडलं म्हनलं अस्तं तं तू मला घरी धाडलं अस्तंस, शेट. आनि नव्या खोक्याला भोक ठेवलं नस्तंस. बाईचं नाव सांगलं, म्हून ऱ्हायलं." मग म्हणाला, "मला शाल नको व्हती. भोक पायजे व्हतं."

ईश्वरशेठनी ते कुंकू लावलेलं झाकण उघडून आत बघितलं. माणूस व्यापारी, पण दिलदार. ते काळूरामच्या शेजारी बाकावर बसले, बहुधा पहिल्यांदाच, आणि म्हणाले, "ठीक है. अब बता. इस बोट में और क्या-क्या ग़लत है?"

काळूरामने माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच 'सांग' म्हटलं.

"बाईनं लावलाय त्यो मागला डबा," तो म्हणाला. "इस्तवाच्या तोंडात हाय."

मी त्या मागच्या डब्याची माळ उतरवून काळूरामच्या हातात दिली आणि पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला.